नाडगौडांच्या पापण्या

मानवी संस्कृती उजेडावर नव्हे, अंधारावर उभी आहे. अंधारात माणसाने देव पाहिले, गोष्टी रचल्या, प्रेम केलं. आणि जे कुणाला सांगता आलं नाही ते सगळं अंधाराच्या हवाली करून तो सकाळी तोंड धुऊन कामाला लागला.

ही वाक्यं सुहास हर्डीकरच्या प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला येत. खाली पहिली प्रतिक्रियाही ठरलेली असे : "सर, किंमत सांगा."

सुहास सांगलीत बसून कॅमेऱ्यांची तुलना करायचा. हा व्यवसाय असू शकतो हे त्याच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. भौतिकशास्त्रातली एम. एस्सी., मग बरीच वर्षं लग्नांचं चित्रीकरण, आणि पन्नाशी ओलांडल्यावर हे. कंपन्या त्याच्याकडे नवे कॅमेरे पाठवत. तो ते दोन-तीन आठवडे वापरून कुठला का घ्यावा हे शुद्ध मराठीत सांगे आणि जड मनाने परत पाठवे. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली तेव्हा तो एवढा हळवा झाला नव्हता, असं त्याची बायको वैजयंती म्हणायची.

त्या काळात काळोखात बघणाऱ्या कॅमेऱ्यांची लाट आली होती. नुसते महागडे कॅमेरे नव्हे, साधे फोनसुद्धा अंधारात भर दुपारसारखं टिपू लागले होते. परिणाम हळूहळू दिसत होते. सिनेमा थिएटरांत कोपऱ्यातल्या जागा रिकाम्या राहू लागल्या. लग्नात दिवे गेले की वाढपी जिलेब्या खिशात घालत, ते बंद झालं. देवळाच्या गाभाऱ्यात कोण खरंच डोळे मिटून हात जोडतो आणि कोण एक डोळा चपलांकडे ठेवतो, हे घरबसल्या कळू लागलं. लोक म्हणाले, पारदर्शकता आली. पारदर्शकता नेहमी दुसऱ्याच्या घरी आली की बरी वाटते.

तर सुहासकडे एकाच वेळी दोन कॅमेरे आले. कंपन्यांनी दिलेली नावं त्याला लांबलचक वाटली म्हणून त्याने त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली.

दोघींचा फरक त्याने प्रेक्षकांना असा समजावला होता. छत गळतंय. पाणी थेंबथेंब पडतंय. ते गोळा करायचं तर खाली परात ठेवा. परात जेवढी मोठी तेवढं पाणी जास्त. कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे ही परात, आणि उजेड म्हणजे थेंब. थोरलीचा सेन्सर पोस्टकार्डाएवढा होता आणि तिच्या भिंगाचं तोंड लोणच्याच्या बरणीसारखं रुंद. अंधारातला चिमूटभर उजेडही ती भरपूर गोळा करी. पण रुंद भिंगाचा एक स्वभाव असतो : ज्याच्यावर नजर रोखली तेवढंच स्पष्ट, त्याच्या हातभर पुढचं-मागचं सगळं धुरकट. माणसाच्या पापण्या मोजता येतात, पण त्याच्या मागच्या रांगेतला माणूस म्हणजे पिठाचा गोळा.

धाकटीचं उलट. तिची परात नव्हे, वाटीच. भिंगही बारीक. त्यामुळे पुढच्यापासून मागच्यापर्यंत सगळं स्पष्ट, पण थेंब फार थोडे. ती कसर ती वेगळ्याच रीतीने भरून काढी : ती थेंब मोजायची. प्रकाश हा कणाकणांनी येतो. साधा सेन्सर ते कण अंदाजाने, ढोबळ भरतो, आणि त्या ढोबळपणातूनच अंधारातल्या चित्रावर मुंग्या आल्यासारखे ठिपके येतात. धाकटी एकेक कण मोजून घ्यायची. मोजणीत चूक नाही, म्हणून मुंग्या नाहीत.

आता तुलना करायची तर खरा अंधार हवा. तो सांगलीत उरला नव्हता. रस्त्यावर दिवे, दुकानांवर दिवे, दिव्यांच्या खांबांवर नगरसेवकांच्या वाढदिवसाचे दिवे. सुहासला एकच जागा आठवली : नाट्यगृह.

हौशी नाटकांची आंतरजिल्हा स्पर्धा चालू होती आणि वैजयंतीचं नाटक रविवारी दुपारी होतं. नाटकाचं नाव 'अस्वस्थ खुर्चीचं स्वगत'. हौशी स्पर्धेत नाटकाचं नाव जितकं कळत नाही तितके गुण मिळतात असा एक समज आहे. वैजयंती महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात होती. दिवसा लोकांना पाणी का येत नाही ते सांगायची आणि संध्याकाळी तालमीला जायची. मंडळात तिला आजवर शेजारीण, नर्स, मोलकरीण आणि एकदा 'गावातली दुसरी बाई' अशा भूमिका मिळाल्या होत्या. यंदा पहिल्यांदाच मुख्य. दुसरा अंक जवळजवळ सगळा तिचा : परदेशातल्या मुलाच्या फोनची वाट बघत खुर्चीत बसलेली म्हातारी एकटीच बोलत राहते.

स्पर्धेच्या नियमांत रंगमंचाच्या चित्रीकरणाला सक्त मनाई होती. प्रेक्षागृहाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, कारण नियम केले तेव्हा प्रेक्षागृहात काही दिसतच नसे. सुहासने दिग्दर्शक मगदूम सरांना विचारलं. मगदूमांचं फरशांचं दुकान होतं, आणि मंडळात सगळे त्यांना सर म्हणत, कारण ते ओरडत.

"प्रेक्षक काढणार? काढा की," मगदूम म्हणाले. "आमच्यावर नका रोखू म्हणजे झालं. आणि हर्डीकर, तेवढं ते कॅमेरे दिसणार नाहीत असं बघा. मागल्या वर्षी तुमची पिशवी रंगमंचावर राहिली, परीक्षकांनी प्रतीक समजून त्यावर लिहिलं होतं."

सुहासने दोन्ही कॅमेरे रंगमंचाच्या कडेला, पायदिव्यांच्या मागे बसवले. नजर तिसऱ्या रांगेत मध्यभागी बसलेल्या परीक्षकांवर, कारण तेच हलत नाहीत. मग तो नेहमीच्या जागी, चौथ्या रांगेत, परीक्षकांच्या बरोबर मागे जाऊन बसला. वैजयंतीचा तो शकुन होता. तो तिथे बसला की तिला संवाद आठवत.

नाटक झालं. सुहास रंगपटात गेला, गर्दीतून वाट काढून तिच्याजवळ पोचला आणि नेहमीप्रमाणे हळूच म्हणाला, "दुसऱ्या अंकात डोळ्यांत पाणी आणलंस. एक जागा चुकली नाही."

वैजयंतीने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "खरंच?"

"खरंच."

निकाल लागला तेव्हा नाटक तिसरं आलं होतं. अंतिम फेरीला पहिली दोनच जातात. पण वैजयंतीला अभिनयाचं रौप्यपदक जाहीर झालं. पाणीपुरवठा विभागाने तिचा सत्कार केला आणि त्या दिवशी दोन प्रभागांत पाणी उशिरा आलं. पदक अजून हातात पडायचं होतं, बक्षीस समारंभात मिळणार होतं. तरी तिने दिवाणखान्यातल्या कपाटात त्याच्यासाठी जागा केली होती. तिथली मुलीची शाळेतली ढाल तिने आत सरकवली. ती दिवसभर काही ना काही गुणगुणत असे. सुहासने तिला लग्नानंतर इतकं आनंदात क्वचित पाहिलं होतं, आणि लग्नाच्या दिवशी तर खात्रीने नाही.

फुटेज त्याने एका दुपारी, ती ऑफिसात असताना, मोठ्या पडद्यावर लावलं.

आधी धाकटी. सगळं प्रेक्षागृह समोर आलं, आणि सुहासला कुणाच्या घरात खिडकीतून डोकावल्यासारखं वाटलं. एक गृहस्थ बायकोला न दिसेल असा फोनवर शेअरचे भाव बघत होते. एक बाई चकल्या खात होत्या, प्रत्येक चकली संवादाच्या मोठ्या आवाजाला मोडत. तीन परीक्षकांपैकी कडेचे दोघे ताठ बसून भराभरा लिहीत होते. मधले नाडगौडा. बेळगावकडचे, वयस्कर, कधीकाळी संगीत नाटकांत काम केलेले. दुसरा अंक सुरू होताच त्यांनी पेन खाली ठेवलं होतं, हनुवटी छातीवर टेकवली होती आणि डोळे मिटले होते.

त्यांच्या उजव्या खांद्यामागे सुहास हर्डीकर होता. मान शेजारच्या एस. टी. डेपो मॅनेजरांच्या खांद्यावर, तोंड उघडं. धाकटीने एकेक कण मोजून घेतल्यामुळे दाढेत भरलेली चांदी दिसत होती.

त्याने फुटेज पुढे ढकललं. तो तसाच. आणखी पुढे. वैजयंतीचा आवाज रंगमंचावरून येत होता, थरथरत, चढत, आणि तो तसाच. एकदा त्याने ओठ मिटले आणि त्याला आशा वाटली. पण ते फक्त गिळण्यापुरतं होतं.

खरं तर सबबी होत्या. तो सकाळपासून तारा ओढत होता. ते स्वगत त्याने घरी भाजी निवडताना, अंघोळीच्या दाराआडून, इस्त्री करताना इतक्यांदा ऐकलं होतं की ते त्याला तिच्याहून जास्त पाठ होतं. पण सबब सांगायला समोर कुणी लागतं, आणि समोर तर तोच होता, तोंड उघडं टाकून.

मग त्याने थोरलीचं फुटेज लावलं. त्यात नाडगौडांच्या पापण्या एकेक दिसत होत्या, आणि मागे एक पिठाचा गोळा होता. सुहासने सुटकेचा निश्वास टाकला. तुलनेच्या व्हिडिओत त्याने धाकटीचे आकडे तक्त्यात दाखवले, चित्र मात्र थोरलीचंच घातलं, आणि म्हणाला, "बघा, काळ्याकुट्ट अंधारात पापणीचा केससुद्धा. मागचं कसं विरघळलंय. याला म्हणतात भिंग."

व्हिडिओ त्याने चढवला आणि चहा ठेवायला गेला. चहा उकळायच्या आत मगदूमांचा फोन आला.

"हर्डीकर, तुम्ही देवमाणूस आहात."

"काय झालं?"

"परीक्षक झोपलाय की हो. सरळसरळ. पापण्यांसकट. आमचा अंतिम फेरीचा तोंडचा घास गेला, आणि हा बाबा घोरतोय."

"घोरत नव्हते," सुहास म्हणाला.

"ते तुम्ही सांगू नका. मंडळ तक्रार करतंय. नाडगौडांचे सगळे गुण वगळा, बाकी दोघांचे धरा. ते दोघं बघा कसे लिहीत होते, हात दुखला असेल बिचाऱ्यांचा."

संध्याकाळी वैजयंती घरी आली तेव्हा तिला ऑफिसातच कळलं होतं. तिला आनंद झालेला नव्हता. पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "म्हातारा माणूस आहे. झोप लागली असेल. पण माझ्याच अंकात?"

सुहासने चहा गाळला.

"इतकं रटाळ होतं का रे?"

"छे," सुहास म्हणाला. "तसं असतं तर मला नसती का झोप लागली?"

हे वाक्य बोलून झाल्यावर त्याला वाटलं की आपण ते बोललो नसतो तर बरं झालं असतं. पण चहा गाळून झाला होता.

धाकटीत आणखी एक सोय होती, जी कंपनीने डॉक्टरांसाठी ठेवली होती. हृदयाचा ठोका पडला की रक्ताची एक लाट चेहऱ्यापर्यंत येते, आणि त्या क्षणी कातडी जरा जास्त हिरवा प्रकाश पिते. फरक इतका सूक्ष्म की डोळ्याला कळत नाही, आणि साध्या कॅमेऱ्यात तो अंधाराच्या मुंग्यांत बुडून जातो. पण जो कॅमेरा कण मोजतो त्याला तो दिसतो. म्हणजे माणसाच्या अंगाला हात न लावता, काळोखात, दहा-बारा हातांवरून त्याची नाडी बघता येते. श्वासही. आणि नाडी-श्वास कळले की माणूस जागा आहे की झोपलाय हे सांगायला वैद्य लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सुहासने, केवळ तक्रारीला बळकटी यावी म्हणून, ही सोय चालवून बघितली.

नाडगौडा झोपलेले नव्हते. डोळे मिटलेल्या त्या चेहऱ्याखाली त्यांची नाडी वैजयंतीच्या आवाजाबरोबर चढत होती, उतरत होती. स्वगताच्या मध्यावर एका जागी ती म्हणाली, "उद्या," आणि थांबली. तिथे म्हाताऱ्याचा श्वास थांबला होता. ती पुन्हा बोलू लागली तेव्हाच तो सुटला. जुनी बैठकीची सवय : गवई चांगला असला की जाणते लोक डोळे मिटतात, आणि वाईट असला की त्याच्याकडे बघून हसतात. कडेचे दोघे ताठ परीक्षक भराभरा लिहीत होते, पण त्यांची नाडी पाणीपट्टीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखी होती.

हे फुटेज तक्रार समितीकडे दिलं की नाडगौडा सुटणार होते. पण ती सोय एकाच चेहऱ्यावर चालत नसे. चित्रातल्या प्रत्येक डोक्यावर ती नाडी लिहायची, आणि नाडगौडांच्या उजव्या खांद्यामागच्या डोक्यावर तिने स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं : गाढ झोप. ते डोकं कापून टाकावं, तर खोट्या व्हिडिओंचा सुळसुळाट झाल्यापासून मूळ फुटेजवर कॅमेऱ्याची मोहोर असते. एक कोपरा कापला तरी मोहोर तुटते, आणि मोहोर तुटलेलं फुटेज कुणी पुरावा म्हणून हातात धरत नाही.

सुहासने संगणक बंद केला. नाडगौडा मोठे कलावंत आहेत, ते स्वतःचा बचाव करतील, असं त्याने ठरवलं. दुसऱ्याच्या मोठेपणावर आपला इतका विश्वास आहे हे त्याला त्या दिवशीच कळलं.

सुनावणी नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यावर झाली. समितीचे तिघे, कार्यवाह शेटे, एकीकडे मगदूम आणि मंडळ, दुसरीकडे एकटे नाडगौडा, मांडीवर टोपी. थोरलीचं फुटेज भिंतीवर लावलं. पापण्या फूटभर लांबीच्या दिसत होत्या.

"मी डोळे मिटून ऐकतो," नाडगौडा म्हणाले. "जन्मभर तसंच ऐकलंय."

"आम्हीपण ऐकतो," मगदूम म्हणाले. "दुपारच्या जेवणानंतर."

मंडळ हसलं. वैजयंती हसली नाही. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "दुसऱ्या अंकात काय झालं ते जरा सांगाल का, म्हणजे प्रश्नच मिटेल."

नाडगौडांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. "मी इथे परीक्षक म्हणून आलो होतो. परीक्षेला बसायला नाही."

अध्यक्षांनी सुहासकडे पाहिलं. "हर्डीकर, तुम्ही दोन कॅमेरे लावले होते म्हणे. दुसऱ्याचं काही?"

खोलीत पंखा फिरत होता. वैजयंती त्याच्याकडे बघत होती.

"दुसऱ्याचं वापरण्यासारखं नाही," सुहास म्हणाला.

निर्णय कळवू, असं सांगून समिती उठली.

जिन्यात नाडगौडा कठड्याला धरून हळूहळू उतरत होते. वैजयंतीने पुढे होऊन त्यांना वाट करून दिली. ते एका पायरीवर थांबले.

"बाई, त्या स्वगतात तुम्ही 'उद्या' म्हणालात आणि थांबलात. संहितेत तो थांबा आहे?"

वैजयंतीचा चेहरा उतरला. "नाही, सर. पुढचं वाक्य आठवेना."

"आठवलं नाही ते बरं झालं," नाडगौडा म्हणाले. "त्या बाईलासुद्धा पुढचं आठवत नसतं."

"सर, मग हे तुम्ही वर का नाही सांगितलंत?"

"वर मला विचारत नव्हते. तपासत होते." आणि ते उतरत गेले.

दोघं स्कूटरवरून घरी आली. घरात शिरल्यावर वैजयंती म्हणाली, "दुसऱ्या कॅमेऱ्याचं लाव."

"अगं, त्यात काही..."

"मी वाक्य विसरले, सुहास. बराच वेळ. प्रॉम्प्टरचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं होतं तुझ्या लक्षात आलं असेल, मन राखायला बोलत नाहीस. मी त्या दिवसापासून मनात तुझे आभार मानतेय. लाव."

त्याने लावलं. नाडीसकट. ती खुर्ची ओढून पडद्याच्या जवळ बसली. चकल्यावाल्या बाई आल्या, शेअरवाले गृहस्थ आले. तिच्या विभागातला एक व्हॉल्व्हमन शेवटच्या रांगेत शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता, तिने त्याचं नाव घेतलं, "अरे, हा पण आला होता." मग 'उद्या' आलं आणि नाडगौडांचा श्वास थांबला. ती ते पुन्हा मागे नेऊन बघत राहिली.

"मागे हा कोण?" तिने विचारलं.

"मी."

"ते दिसतंय. गाढ झोप म्हणजे काय?"

सुहासने शास्त्रीय उत्तर द्यायला तोंड उघडलं. पडद्यावरही त्याचं तोंड उघडंच होतं. त्याने मिटलं.

"मागल्या वर्षीच्या नाटकाला?" ती म्हणाली.

"तेव्हा कॅमेरा नव्हता."

"मी कॅमेऱ्याचं नाही विचारलं."

सुहासने पडद्यावरचं चित्र थांबवलं.

"म्हणजे हे तुला सुनावणीच्या आधी माहीत होतं. तो म्हातारा जागा होता हे."

"हो."

"आणि तू भिंतीला टेकून बसलास."

"अगं, हे बाहेर गेलं असतं तर... सगळ्या सांगलीने बघितलं असतं."

"सगळी सांगली मला बघत होती तेव्हा तू झोपलास," वैजयंती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. "आता सगळी सांगली तुला बघू दे. मी जागी आहे. पाठव."

त्याने पाठवलं. मोहोरेसकट, दाढेतल्या चांदीसकट, अख्खं. सोबत लिहिलं की आपण सुनावणीत खोटं बोललो, नाडगौडा संपूर्ण वेळ जागे होते, आणि मागे झोपलेला इसम आपणच. 'इसम' हा शब्द लिहिल्यावर त्याला किंचित बरं वाटलं, जणू तो दुसराच कुणी होता. मग त्याने तो खोडून 'मी' लिहिलं. वैजयंती मागे उभी राहून वाचत होती. पाठवून झाल्यावर ती आत गेली आणि तांदूळ धुऊ लागली. रोजच्यापेक्षा जास्त वेळ धूत होती.

संध्याकाळी कार्यवाह शेट्यांचा फोन आला. सुहासने स्पीकर चालू केला. आपल्याबद्दल जे काही ऐकायचं ते तिच्यासमोर ऐकावं, एवढं तरी त्याने ठरवलं होतं.

"हर्डीकर, तुमची फाइल आली बरं का," शेटे म्हणाले. "पण ती आमच्या संगणकावर उघडेना. काहीतरी नवीन प्रकार दिसतोय. आणि तशीही समितीने दुपारी जेवायच्या आधीच सही केली होती. मगदूम सरांची तक्रार मान्य झाली, त्यांना कळवलंय. नाडगौडांचे सगळे गुण वगळले."

"मग?" आतून वैजयंती म्हणाली.

"मग रौप्यपदक इचलकरंजीच्या बाईंना गेलं, वहिनी. तुम्हाला भरपूर गुण एकट्या नाडगौडांनीच दिले होते, बाकी दोघांचं काही मत नव्हतं. नाटकाचंही तेच. ते तिसऱ्याचं सातवं झालं."

स्पर्धेत एकूण सात नाटकं होती.